चिमूटभर इडीटीए

सव्वीस वर्षं मी या प्रयोगशाळेत द्रावणं बनवते आणि माझ्या बाटलीला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. म्हणून तर डोक्यात हवा गेली.

आमची पोरगी, म्हणजे पीएचडी करणारी, आठ महिने एका एन्झाइमच्या मागे हात धुऊन लागली होती. पेशीत डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. हिस्टोनवर मिथाइलची खूण चिकटली की तिथलं जनुक गप्प बसतं. हे एन्झाइम ती खूण काढून टाकतं, असं तिचं म्हणणं. ही खूण तपासणीच्या फिल्मवर काळ्या पट्टीसारखी उमटते; खूण निघाली तर पट्टी नाहीशी व्हायला हवी. पट्टी मात्र दर वेळी ठाण मांडून बसलेली. सरांनी सांगून टाकलं होतं, शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर विषय बंद.

"माझ्या हातालाच यश नाही, मावशी," बुधवारी डबा खाताना ती म्हणाली. "त्याला लोह लागतं, ते मी रोज घालते. तरी ढिम्म!"

मी हातातला घास परत डब्यात ठेवला. तिची द्रावणंही मीच बनवते, आणि तिच्या कागदावरच्या कृतीत नसलं तरी मी प्रत्येक द्रावणात चिमूटभर इडीटीएची पूड टाकते. प्रथिनं टिकतात त्यानं. कुणी सांगितलेलं नाही, नुसती सवय. आणि इडीटीए धातू धरून ठेवतं, लोहसुद्धा. मग एन्झाइमला ते मिळणार कुठून?

गुपचूप नवी बाटली भरून ठेवावी असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण ती मात्र जन्मभर स्वतःच्या हाताला दोष देत राहिली असती. सांगून टाकलं. लाजेनं कान तापले होते.

"आठ महिने, मावशी," एवढंच म्हणाली आणि डबा तसाच टाकून उठून गेली.

गुरुवारी तिनं द्रावण स्वतःच केलं. मी लांबूनच पाहत होते, वाईट वाटत होतं. शुक्रवारी दुपारी सरांपुढे फिल्म आली. लोह घातलेल्या रकान्यात पट्टी गायब, न घातलेल्यात जशीच्या तशी. सरांनी चष्मा वर करून दोनदा पाहिलं. "परत करून दाखव," म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

ती थेट माझ्याकडे आली आणि रिकामी बाटली पुढ्यात ठेवली.

"तूच कर गं," मी म्हटलं.

"माझ्या द्रावणाचा पीएच दोनदा चुकला काल. तुम्हीच करा. पण कागदावर आहे तेवढंच, हं!"

मी कागद घेतला आणि तिच्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवला.