माझ्या पत्र्याला लागता लागता राहिलेला डाग

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे, आणि माझ्या हातून एकदा खून होता होता राहिला. दचकू नका. माझं अंग पत्र्याचं असलं तरी मन वाळ्याचं आहे. सगळं ऐकलंत तर तुम्हीच म्हणाल की बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

माझा जन्म नागपुरातल्याच एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. कारागिराने ठोकून ठोकून मला आकार दिला, निळा रंग लावला, पोटात पंखा आणि पंप बसवला. मनीषनगरच्या उन्मेष आणि मुग्धाने लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मला घरी आणलं. त्या वर्षी माझं कोण कौतुक! पाहुणे आधी माझ्यासमोर बसायचे आणि मग घरच्यांची विचारपूस करायचे. पाऊस लागला की मात्र माझ्यावर जुनी चादर पडते, चादरीवर कांद्याची टोपली येते, आणि होळीपर्यंत मला कोणी विचारत नाही. गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण एखाद्या कूलरनेच केली असावी.

माझी घरघर मोठी. त्यामुळे लोकांना वाटतं, कूलरसमोर बोललेलं कोणाला ऐकू जात नाही. मला सगळं ऐकू येतं.

उन्मेषला मधुमेह झाला, तेव्हा मुग्धाने माझ्यासमोरच सांगून टाकलं की ह्यांची साखर ताब्यात येईपर्यंत मी आंब्याला हात लावणार नाही. कुहीहून तिच्या माहेरचे आंबे यायचे, ते ती डोळे मिटून शेजारी वाटून टाकायची. उन्मेष रोज पहाटे बूट घालून फिरायला निघायचा. परत आला की त्याच्या मिशीला तर्रीचा वास यायचा. पोहे, वर तर्रीचा झणझणीत रस्सा आणि शेवटी जिलबी, असा त्याचा व्यायाम चालला होता.

हे वरच्या खोलीतल्या भाडेकरूंनी, भैय्याजींनी पाहिलं. भैय्याजी म्हणजे शाळेतले निवृत्त कवायतीचे मास्तर. त्यांनी पोह्यांच्या ठेल्यावरच्या उन्मेषचा फोटो काढला आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"वरती स्लॅब लई तापून राहिला गा," ते उन्मेषला मऊ आवाजात म्हणाले. "मले दुसरं काही नको. दुपारी मी इथं कूलरपुढं झोपत जाईन. नाही तर हा फोटो मुग्धाले दाखवतो."

झालं! भैय्याजी माझ्यासमोर घोरू लागले आणि घरमालक स्वयंपाकघरात घाम पुसू लागला. मग भैय्याजींना उशी लागली, उशीनंतर ताक लागलं, ताकात बर्फ लागला. त्यात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू झाला आणि ऊन उन्मेषच्या डोक्यात गेलं.

एका दुपारी मुग्धा भिशीला गेली होती. उन्मेषने माझी मागची वाळ्याची ताटी काढली, एक वायर सोलून माझ्या पत्र्याला टेकवली आणि मला चालू केलं. "लोक म्हणतील कूलरचा करंट लागला," तो पुटपुटला. "दरवर्षी लागते कोणाले तरी." मित्रांनो, तेव्हा माझं पाणी पाणी झालं. जन्मभर लोकांना गारवा दिला, आणि आता माझ्याच पत्र्याने एका म्हाताऱ्याचा जीव जाणार होता. मी जीव तोडून ओरडलो, पण बाहेर आली ती नेहमीची घरघर.

भैय्याजी पाण्याची बादली घेऊन आले. पडद्याआड उन्मेषचे अनवाणी पाय दिसत होते. भैय्याजी स्वतःशीच बोलत होते, "ताट्या ओल्या करून ठेवतो. संध्याकाळी उन्मेष पोराले गार हवा भेटली पाहिजे."

ते ऐकलं आणि उन्मेषचा धीर सुटला. तो पडद्यातून धावत आला, ओल्या फरशीवर घसरला आणि "हात लावू नका!" असं म्हणत त्याने स्वतःच दोन्ही हात माझ्यावर टेकवले. मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो माझ्या घरघरीच्याही वर गेला.

पण भैय्याजींचा हात आधीच भिंतीवरच्या बटनावर होता. त्यांनी ते खटकन बंद केलं. उन्मेष बादलीत बसला.

भैय्याजींनी मागे डोकावून वायर पाहिली. "हे तू केलं?"

"हो जी," उन्मेष रडकुंडीला येऊन म्हणाला. "माफ करा मले."

भैय्याजी पोट धरून हसले. "नागपूरच्या माणसाले कूलरनं मारून राहिला काय गा? बटन बंद केल्याबिगर मी कूलरले हात लावतो काय? मायनं लहानपणीच कान पिळून शिकवलं."

संध्याकाळी करंट लागल्याचं ऐकून मुग्धाने नवऱ्याचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि म्हणाली, "हे भंगार उद्याच काढा." मला फार वाईट वाटलं. चोर सोडून संन्याशाला सुळी ती हीच.

"त्याले दोष देऊ नको वं," भैय्याजी म्हणाले. "वायर ढिली होती. मी बसवली, अर्थिंगही करून देतो." मी वाचलो.

ती गेल्यावर ते उन्मेषकडे वळले. "आता माझ्याजवळ फोटोपेक्षा मोठी गोष्ट हाय. उद्यापासून माझ्यासंगं चालाचं. ठेल्यापुढून जाचं, थांबाचं नाही."

आणि उन्मेष चालला. थंडीत चालला, पावसात चालला. पुढच्या उन्हाळ्यात त्याची साखर ताब्यात आली. मुग्धाने माझ्यासमोर बसून कुहीचा आंबा कापला आणि पहिली फोड भैय्याजींना दिली.

"मले काहून?" ते म्हणाले.

"तुम्हीच तर चालवलं ह्यांना," मुग्धा दुसरी फोड उन्मेषच्या हातात ठेवून तिसरी तोंडात टाकत म्हणाली. "फोटोचं मले पहिल्या दिवशीच कळलं होतं. कूलर चालू असला तरी स्वयंपाकघरात सारं ऐकू येते."

दोघांच्याही हातातला आंबा तसाच राहिला. ती आणखी काय काय ऐकून बसली आहे, हे विचारायची हिंमत अजून कोणाला झालेली नाही.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मला हात लावण्याआधी बटन बंद करा, पायात चप्पल घाला, माझ्या वायरी दरवर्षी तपासून घ्या. आणि एखादं गुपित बोलायचंच असेल, तर माझ्या घरघरीच्या भरवशावर राहू नका.