दोन बोटं रुंदीची मावशी

मित्रांनो, मी एक जुना कटर आहे. कागद कापायचा. लाकडी पाट, त्यावर आखलेल्या बारीक चौकटी, वरच्या कडेला मोजपट्टी आणि बाजूला मूठ असलेलं, हाताएवढं लांब पातं. दचकू नका. बोटं कापायची मला हौस नाही. तसा प्रसंग आयुष्यात एकदाच आला आणि त्यात चूक बोटाची होती. पण माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती अकरा वेळा झाली आहे. तीच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पात्याला धार लावून झाली तेव्हा तिथल्या कारागिराने वर्तमानपत्राची एक घडी माझ्याखाली धरली, मूठ खाली आणली आणि कापलेली कड अंगठ्याने चाचपून पाहिली. "लोण्यासारखं जातंय," तो म्हणाला. त्या एका वाक्यावर मी पुढे कित्येक वर्षं फुशारकी मारली. सरळ कापणं यापलीकडे जगात काही मोठं काम असेल असं मला वाटलंच नाही.

तिथून मी एका विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयात आलो. म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात. इथे मोठी माणसं बाकांवर बसून शिकत आणि सराव पाठ घ्यायला शाळांमध्ये जात. त्यांना छात्राध्यापक म्हणतात. पाठ चालू असताना मागच्या बाकावर त्यांचे प्राध्यापक बसत आणि वहीत लाल शेरे मारत. पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून एक खोली होती. तिच्यात दोन टेबलं होती. एक वार्तापत्राचं, दुसरं शैक्षणिक साधनांचं. मी दोन्ही टेबलांच्या मधल्या स्टुलावर. दोघांचाही, पण माझा खरा मालक पहिल्या टेबलाचा.

ते पहिलं टेबल बातमीसरांचं. ते शिकवायचे अध्यापनपद्धती, पण कॉलेजचं वार्तापत्र काढायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं आणि मग ते त्यांनी कधी गळ्यातून काढलंच नाही. शेवटचं पान म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्याचं नाव 'घडामोडी आणि गौरव'. कुणाला पारितोषिक मिळालं, कुणाचा शोधनिबंध छापून आला, कुणाची कुठे निवड झाली, सगळं त्या पानावर. दर बातमीत कॉलेजच्या शिरपेचात एक मानाचा तुरा खोवला जाई. इतके तुरे झाले होते की खालचं डोकं दिसतं की नाही अशी शंका मला यायची. प्रत्येक बातमीला एक फोटो असे, आणि फोटोची चौकट ठरलेली असे. फोटो मोठा, चौकट लहान. तिथे माझं काम सुरू होई.

दुसरं टेबल डिंकमावशींचं. त्या साधन-सहायक. छात्राध्यापकांना पाठासाठी तक्ते, शब्दपट्ट्या, पुठ्ठ्याची घड्याळं, फिरत्या तबकड्या लागत. त्या कशा करायच्या हे मावशी दाखवत, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचशा त्याच करून देत. त्यांच्या बोटांना कायम डिंक लागलेला असे. एकदा प्राचार्यबाईंशी हात मिळवला तर सुटेना, असं त्या स्वतःच सांगायच्या. ते खोटं होतं, पण सांगायच्या छान.

एका वर्षी मावशींनी खिडक्यांचा तक्ता केला. मोठा जाड कागद, त्यावर कागदाच्या अकरा खिडक्या. खिडकीवर प्रश्न, उघडली की आत उत्तर. तो तक्ता घेऊन दोन छात्राध्यापक विद्यापीठाच्या साधन-प्रदर्शनात गेले आणि पहिलं पारितोषिक घेऊन आले. कॉलेजात नुसता आनंदीआनंद. फोटो आला. मधोमध तक्ता, दोन्ही बाजूंना छात्राध्यापक, मागे प्राध्यापक मंडळी, आणि उजव्या काठावर, हातात डिंकाची बाटली घेतलेल्या मावशी. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. मावशी बघत होत्या भलतीकडेच.

सरांनी फोटो माझ्यावर ठेवला, मोजपट्टीला लावला. चौकटीपेक्षा दोन बोटं जास्त होता. "उजवीकडून घेऊ," ते स्वतःशीच म्हणाले आणि मूठ खाली आली. मी लोण्यासारखा गेलो. फोटो चौकटीत बसला. दोन बोटं रुंदीची पट्टी पलीकडे पडली आणि त्या पट्टीत मावशी उभ्या होत्या. मला त्या दिवशी काहीही वाटलं नाही. उलट कड किती सरळ आली म्हणून मी खूश होतो. बातमीत छापून आलं की प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली छात्राध्यापकांनी तक्ता तयार केला.

पुढे हे दर वर्षीचंच झालं. कार्यक्रम कोणताही असो, मांडणी मावशींनीच केलेली असे, त्यामुळे फोटोला बोलावलं की त्या हात पुसत शेवटी येत आणि काठावर उभ्या राहत. आणि काठ तर माझाच. स्टुडिओतून एकच प्रत येई. कापलेला फोटो पानाच्या मांडणीवर चिकटे, ते पान छापखान्यात जाऊन परत येई आणि गठ्ठ्यात बांधलं जाई. कापलेली पट्टी टोपलीत.

अंक छापून आला की मावशी तो दोन्ही हातांत धरून लांबून बघत. "सर, यंदा माझं कोपर आलंय हं!"

सर ओशाळून हसत. "चौकटच लहान हो, मावशी."

"असू द्या की. गेल्या वर्षी नुसता पदर होता. पुढच्या वर्षी खांदा येईल. निवृत्त होईपर्यंत अख्खी येते की नाही, बघा तुम्ही!"

सगळे हसत. मीही मनातल्या मनात हसे. त्यातलं दुखणं कळायला मला फार वर्षं लागली.

आता त्या पट्ट्यांचं काय झालं ते सांगतो. मावशींच्या टेबलावर काही वाया जात नसे. सरांची टोपली त्या रोज आपल्याकडे रिकामी करून घेत. खिडक्यांचा तो तक्ता दर वर्षी नव्या तुकडीच्या हाती जाई, पोरं खिडक्या उघडून-मिटून हैराण करत आणि वर्षाकाठी एखादी खिडकी बिजागरीपाशी फाटे. तिथे जाड, चिवट कागद लागतो. फोटोची पट्टी त्याला अगदी योग्य. मावशी पट्टी उचलत, क्षणभर स्वतःकडे बघत, डिंक लावत आणि खिडकीच्या मागे आतल्या बाजूने चिकटवून वर साधा कागद लावत. मुद्दाम करत होत्या की हाताला लागलं ते वापरत होत्या, मला माहीत नाही. एकदा मात्र अंगठ्याने पट्टी दाबता दाबता त्या पुटपुटल्या, "चल, इथे तरी कामाला ये."

हे मी ऐकलं, आणि ऐकणारा मी एकटाच होतो.

मित्रांनो, मला सगळ्यांत जास्त कशाचं नवल वाटतं सांगू? बातमीसर वाईट नव्हते. उत्तम शिक्षक होते. पाठ निरीक्षणाच्या वह्या ते याच टेबलावर तपासत, आणि त्यांचा एक शेरा ठरलेला होता. 'कोपऱ्यातील विद्यार्थ्यांकडे दुर्लक्ष.' छात्राध्यापक तक्रार घेऊन आला की ते समजावत, "अहो, मधल्या बाकांकडे कुणीही बघतं. शिक्षकाची नजर काठापर्यंत गेली पाहिजे." हे म्हणत आणि वही मिटून फोटो माझ्यावर ठेवत.

मावशींच्या निवृत्तीचं वर्ष आलं. सरांनी स्वतःहून शब्द दिला. "मावशी, यंदा तुम्ही अख्ख्या. काठावर नाही, मधोमध उभं राहायचं."

"बघा हं, लिहून घेईन!" मावशी म्हणाल्या. त्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या, आणि बोटं घासून घासून धुतली होती.

खाली अंगणात फोटोची तयारी चालली होती. मला खिडकीतून दिसत होतं. मावशी खरंच मधोमध उभ्या राहिल्या. तेवढ्यात पाहुणे आले, खुर्च्या कमी पडल्या. कुणीतरी हाक मारली, "मावशी, दोन खुर्च्या आणता का जरा?" त्या गेल्या, खुर्च्या घेऊन आल्या, तोवर मधली जागा भरली होती. त्यांनी खुर्च्या मांडल्या आणि सवयीने काठावर जाऊन उभ्या राहिल्या.

फोटो आला. सरांनी तो माझ्यावर ठेवला आणि कितीतरी वेळ मूठ धरून नुसते उभे राहिले. डावीकडे सरकवला, तर तिथे उपप्राचार्य. वरून-खालून कापून भागेना. चौकट मोठी करायची तर अख्खं पान पुन्हा मांडायला हवं. दारातून प्राचार्यबाई डोकावल्या. "सर, छापखान्याचा माणूस खाली ताटकळलाय."

सरांनी फोटो उजवीकडे सरकवला. त्या दमट दिवसांत माझ्या पात्यावर गंज चढला होता. पहिल्या दाबाला मी अडलो. खरंच अडलो! मला वाटलं, आता सर थांबतील. पण त्यांनी तेलाची कुपी काढली, दोन थेंब सोडले, आणि मी पुन्हा लोण्यासारखा गेलो. आयुष्यात एकदा तरी बोथट व्हायला हवं होतं, तर तो दिवस होता. मला धारेचा अभिमान होता. त्याच धारेची मला आज लाज वाटते.

अंक मावशींच्या हाती आला. त्यांनी लांब धरून पाहिला. "यंदा कोपरही नाही, सर," त्या म्हणाल्या. आवाजात थट्टा होती, पण डोळ्यांत नव्हती.

"मावशी, पुढच्या अंकात तुमचा स्वतंत्र फोटो टाकतो. नक्की."

"पुढच्या अंकात मी कुठे असणार, सर?"

मावशींनी टोपली आपल्या टेबलावर रिकामी केली, शेवटची पट्टी शोधली आणि उरलेली अकरावी खिडकी पक्की केली. दुसऱ्या दिवसापासून ते टेबल रिकामं झालं.

नंतर कॉम्प्युटर आला. फोटो पडद्यावरच लहान-मोठे होऊ लागले, आणि मला कपाटाच्या माथ्यावर चढवलं. माझ्यावर जुन्या उत्तरपत्रिका, त्यांवर धूळ. कुणी विचारत नव्हतं. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण तिथून समोरच्या खिळ्याला टांगलेला तो तक्ता दिसे. अकरा खिडक्या, सगळ्या मिटलेल्या. आत कोण आहे ते मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

एका दुपारी मावशींची लेक आली. तोवर सरांचे केस पांढरे झाले होते. ती म्हणाली, "सर, आई गेली, दोन महिने झाले. एक मागायला आले होते. कॉलेजातला तिचा एखादा फोटो मिळेल का?"

सर उठून उभेच राहिले. "गेल्या? आम्हाला कळवलं का नाही?"

"तिनेच सांगितलं होतं, कुणाला त्रास देऊ नका म्हणून." तिने पर्स चाचपली. "घरी फक्त ओळखपत्रावरचा फोटो आहे. त्यावर शिक्का पडलाय, अर्धा चेहरा शाईत. माझी मुलगी विचारते, आजी काम करताना कशी दिसायची? तिला काय दाखवू?"

"असं कसं? आहे ना, भरपूर आहेत," सर म्हणाले आणि त्यांनी गठ्ठे काढले. पहिलं पान उलटलं. तिथे पदर होता. दुसऱ्यात कोपर. तिसऱ्यात डिंकाच्या बाटलीचं बूच. सर पानं उलटत गेले आणि त्यांचा हात मंदावत गेला. "त्या स्टुडिओत विचारतो," ते म्हणाले, आणि मग त्यांनाच आठवलं की तो स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. शेवटच्या अंकात काहीच नव्हतं. ते खाली बसले.

"कापले मी," ते म्हणाले. "सगळे मीच कापले."

लेकीने भिंतीकडे पाहिलं. "हा तिनेच केलेला ना? याच्याबद्दल सांगायची." तिने तक्ता खाली घेतला, टेबलावर ठेवला आणि पहिली खिडकी उघडली. डिंक वाळून गेला होता. खिडकी तिच्या हातातच आली.

"अरे देवा, तुटली! माफ करा हं, सर."

पण सर तिच्या हाताकडे बघत होते. खिडकीच्या मागचा साधा कागद सुटला होता, आणि आतून मावशी दिसत होत्या.

एकेक करून अकरा खिडक्या त्यांनी ओल्या फडक्याने सोडवल्या. अकरा पट्ट्या निघाल्या. सरांनी पहिली पट्टी त्या पारितोषिकाच्या फोटोशेजारी ठेवली. मध्ये केसाएवढीही फट राहिली नाही. माझी धार सरळ होती, तिचा एवढा एकच उपयोग झाला. इतकी वर्षं त्या पट्टीत मावशी शून्यात बघतायत असं मला वाटायचं. फोटो जोडल्यावर कळलं, त्या तक्त्याकडे बघत होत्या. सगळे कॅमेऱ्याकडे बघत असताना खिडकी नीट चिकटली आहे ना, ते पाहत होत्या.

"ही आई," लेक म्हणाली आणि रडू लागली.

सरांनी लाल पेन काढलं. त्या जुन्या अंकाच्या समासात, छात्राध्यापकांच्या वहीत लिहीत तसं, त्यांनी स्वतःलाच लिहिलं, 'कोपऱ्याकडे दुर्लक्ष.' खाली सही केली.

मग त्यांनी मला खाली काढलं, बाहीने पुसलं. पट्टीच्या कडेला साध्या कागदाचे तुकडे चिकटून राहिले होते. ते छाटून फोटो नीट करून द्यावा, असं त्यांच्या मनात होतं. फोटो माझ्यावर आला, मूठ वर गेली, आणि मी मनात म्हटलं, ही बारावी.

लेकीने फोटोवर हात ठेवला. "नको, सर. आता काही कापू नका."

सरांनी मूठ हळूच खाली आणली आणि टेबलाच्या खणातली सुतळी घेऊन माझं पातं पाटाला बांधून टाकलं. ती सुतळी अजून तशीच आहे. मला तिची तक्रार नाही.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधी ना कधी काहीतरी कापायचं काम येईल. फोटो असेल, यादी असेल, नाहीतर कौतुकाचे चार शब्द असतील. चौकट लहान असेल आणि खाली कुणीतरी ताटकळलेलं असेल. तेव्हा मूठ दाबण्याआधी एकदा काठापर्यंत बघा. तिथे खुर्च्या मांडून आलेलं कुणीतरी हात पुसत उभं असेल.