शाळेच्या मागची इमारत

मुलाखत होती त्याच शहरात तिचा नवरा आणि सात वर्षांची लेक राहत होते. नवरा तिथल्या कॉलेजात शिकवायचा, ती नोकरी हलण्यासारखी नव्हती. तिला काम मिळालं होतं ते रेल्वेनं अकरा तासांवर, एका कुरिअर कंपनीत डेटा इंजिनिअर म्हणून. ठिकठिकाणच्या गोदामांतून येणाऱ्या नोंदी गोळा करायच्या, निवडायच्या आणि सकाळी आठच्या आत साहेबांसमोर नीट मांडायच्या. महिन्यातून दोनदा घरी. अशी दोन वर्षं गेली.

या खेपेला ती कुणालाच न सांगता आली. काम झालं नाही तर लेक हिरमुसेल आणि नवरा तोंडदेखलं हसेल. ते हसणं तिला सोसवत नसे.

मुलाखत घेणाऱ्या कंपनीची इमारत नेमकी लेकीच्या शाळेच्या मागे निघाली. ती तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसते न बसते तोच खाली मधली सुट्टी झाली.

"फार कलकलाट आहे. खिडकी लावू का?" समोरच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं.

"नको, असू दे."

"बरं. एकच पार्सल दोनदा मोजलं जातंय. तुम्ही आधी कुठे बघाल?"

"पाठवणाऱ्याकडे," ती म्हणाली. "पोच आली नाही की गोदामातलं मशीन तीच नोंद पुन्हा पाठवतं. प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक द्यायचा. तोच पुन्हा आला तर मोजायचं नाही."

बाई हसल्या. दोन तास प्रश्नांची सरबत्ती चालली. ती कुठेच अडली नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "तिथलं चांगलं चाललंय तुमचं. मग इथे कशाला?"

घोकून आणलेलं उत्तर तोंडाशी होतं. पण ती बोलून गेली, "माझी लेक या खिडकीखालच्या शाळेत आहे."

परतीच्या गाडीला दोन तास होते. सरळ स्टेशन गाठायचं ठरलेलं, पण पाय शाळेच्या फाटकाकडे वळले. शाळा सुटली. लेक बापाचा हात धरून, अखंड बडबडत बाहेर आली. केस कानापर्यंत कापलेले. कधी कापले? तिला कुणी सांगितलंही नव्हतं. तिनं लाडाच्या नावानं हाक मारली.

"ए ठमाकाकू!"

लेक वळली, क्षणभर बघतच राहिली आणि मग धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली. "आई! तू खरी आलीस?"

"खरी. पण लगेच जायचंय गं."

नवऱ्यानं नुसती तिची बॅग हातातून घेतली. तिघं स्टेशनपर्यंत चालत गेले, रिक्षा न करता, जितकं हळू जाता येईल तितकं हळू.

आठवड्यानं बाईंचा फोन आला. "तुमच्यात काही कमी नव्हतं. जागा आतल्याच माणसाला दिली. मला वाईट वाटतंय."

तिनं आभार मानले. संध्याकाळी घरी फोन लावला तेव्हा नवऱ्यानं फक्त विचारलं, "जेवलीस?" मग लेकीनं फोन ओढून घेतला आणि वर्गातल्या भांडणाची चित्तरकथा पहिल्यापासून सांगायला घेतली. ती खाटेवर आडवी होऊन, डोळे मिटून ऐकत राहिली. लेक मध्येच थांबली की ती म्हणायची, "मग? पुढे काय झालं?"

दुसऱ्या दिवशी डबा खाता खाता तिनं त्याच शहरातल्या आणखी दोन कंपन्यांना अर्ज पाठवले.