कामरगावचा सत्कार

माझा भाऊ प्रसेनजित सायकल चालवून पोट भरतो, हे कामरगावात अजून अर्ध्या लोकांना पटत नाही. बाबांना मात्र पुरतं पटलं होतं. बाबा, म्हणजे माणिकराव, एसटीच्या कारंजा डेपोत मेकॅनिक होते. आता निवृत्त आहेत आणि दादाचं कौतुक हाच त्यांचा पूर्णवेळचा धंदा आहे. तीन आठवड्यांची देशभरची शर्यत यंदा आपल्याच गावावरून जाणार, हे कळलं त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेनासं झालं.

दादाचं काय चाललंय, ते फक्त मला ठाऊक होतं. दुसऱ्या आठवड्यातच त्याचा फोन आला होता.

"स्नेहे, पाय गेले माहे. चढ आला का समदे पुढं जातेत अन् मी तिथंच. रोज शेवटून मोजला तं लवकर सापडतो."

"मंग उतर नं. कोनं धरून ठेवलं तुले?"

"समद्यायनं. मॅनेजर म्हणते, पेडल फिरून राह्यलं तोवर उतरायचं नाही, अगोदरच चार गडी तापानं घरी गेले. अन् इकडं बाबानं फ्लेक्स लावला. उतरून त्या फ्लेक्सखालून घरी येऊ का मी?"

फ्लेक्सवरचा दादाचा फोटो मीच निवडून दिला होता.

"आपोआप बाद झालो तं बरं होईन," तो म्हणाला. पहिला आल्यावर ठरावीक वेळेच्या आत जो पोचत नाही, तो बाद. पण मर्यादेच्या काठावर का होईना, तो रोज पोचत होता. थांबायची हिंमत नाही आणि पळायची ताकद नाही, अशा बेचक्यात माझा भाऊ अडकला होता. बाबा मात्र गावभर सांगत होते, पोरगं ताकद राखून आहे.

या खेळात एक रीत आहे. शर्यत एखाद्या गड्याच्या गावातून जायची असली, की सगळा घोळका वेग कमी करतो आणि त्याला एकट्याला पुढे सोडतो. त्यानं घरच्यांना भेटावं, आईच्या हातचं पाणी प्यावं, आणि घोळका आला की परत त्यात मिसळावं. मिनिटभराचा मामला. हे मी सत्कार समितीला समजावून सांगितलं होतं. समिती म्हणजे बबनराव. त्यांनी मान डोलावली होती, पण बबनराव वीज बिलावरच्या सूचनेलाही तशीच मान डोलावतात.

त्या दिवशी झेंडे, फुलं, शाळेची पोरं, सगळं रस्त्याच्या दुतर्फा उभं होतं. विहारातल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. आई, लिलाबाई, तांब्या घेऊन सकाळपासून एकाच जागी उभी. आणि वळणावर एकटा दादा दिसला. मागे दूरवर सगळा घोळका, त्याच्या तोंडाशी शर्यतीत पहिला असलेला हरियाणाचा हरिसिंग. त्यानंच दादाला पुढे पाठवलं होतं.

"पहिला आला!" कोणीतरी ओरडलं, आणि झालं. लोकांनी धावत जाऊन त्याला सायकलवरून उचललंच. सायकल कोणाच्या तरी हातात, दादा कोणाच्या तरी खांद्यावर. बाबा रडत होते, हसत होते. आईनं पाणी पाजलं, ते निम्मं छातीवर सांडलं. मग त्याला स्टेजवर नेलं, अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला, आणि बबनरावांनी माईक हातात घेतला.

"आज ह्या कामरगावच्या मातीनं साऱ्या देशाले मांगं टाकलं..."

तेवढ्यात साऱ्या देशाचा घोळका सूं करत समोरून निघून गेला. हरिसिंग मान वळवून दादाला शोधत होता. लोकांनी मोठ्या मनानं त्यांनाही टाळ्या वाजवल्या. "मांगून आले बिचारे," शेजारची पंचफुलाबाई हळहळली.

मी गर्दीतून कशीबशी स्टेजजवळ पोचले. "बबनकाका, सोडा त्याले! शर्यत गेली पुढं!"

बबनराव थबकले. दादानं खाली माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "बोलू दे नं त्यायले. एवढी तयारी केली."

मला तेव्हा सगळं समजलं. त्याला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. शाल नीट करून, मान खाली घालून तो तिथे उभा राहिला आणि बबनराव शिक्षणावर, व्यसनमुक्तीवर आणि पांदण रस्त्यावर बोलत राहिले. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली.

शेवटी त्याच्या टीमची गाडी हॉर्न वाजवत आली. त्यातला माणूस उतरून बाबांवरच ओरडला, "आपने अपने ही लड़के को डुबा दिया!" शर्यत कुठवर गेलीय, ते त्यानं सांगितलं, तेव्हा कुठं बाबांना उमगलं. तोवर दादा सायकलवर बसून निघून गेला होता. सगळ्यात मागच्या गड्यांना उचलणारी झाडूगाडी त्याच्या मागे लागली होती.

"म्या माह्या पोराचं वाटोळं केलं," बाबा म्हणाले. मग त्यांनी शेजारच्या इंद्रभानला जीप काढायला लावली. बबनराव मुकाट्यानं मागे बसले, मी बाबांशेजारी.

झाडूगाडी ओलांडून पुढे जायला परवानगी नव्हती. त्यामुळे कारंजा, शेलूबाजार, सगळं तिच्या मागून पार केलं. वळणावर दादाची पाठ दिसायची. किन्हीराजाच्या चढावर तो इतका हळू चालला होता की बाबांनी जीपमधून अर्धं अंग बाहेर काढलं.

"पाह्य कसा झाला तो! माह्यामुळं, स्नेहा. धक्क्यानं पाय चालून नाही राह्यले त्याचे."

"बाबा, तो अगोदरच थकला होता."

"तू त्याले झाकू नको," ते म्हणाले. "अन् मलेही झाकू नको."

सांगून टाकावं, असं जिभेवर आलं. पण पोरानं मुद्दाम त्यांच्या चुकीआड लपून घेतलं, हे त्या माणसाला त्या घडीला कसं सांगायचं? मला जमलं नाही.

वाशीममध्ये गाड्यांना वेगळ्या रस्त्यानं वळवलं; त्या दिवसाची शर्यत संपायच्या जागी आम्ही पोचलो तेव्हा मंडप निम्मा उतरवला होता. दादा बाद झाला होता. निंबाखाली पाय पसरून बसला होता आणि केळं खात होता. कितीतरी दिवसांनी मी त्याला पोटभर खाताना पाहिलं.

"स्नेहे, सुटलो!" तो म्हणाला आणि हसला. अगदी लहानपणासारखा. "कोनाले काही सांगा लागत नाही. गावानं मायेपोटी अडवलं, बस. बाबा कुठी हाय?"

मी वळून बघितलं. जीपमध्ये बाबा नव्हते. बबनरावही नव्हते.

आम्ही दोघं पळालो. पंचांच्या तंबूत बाबा हात जोडून उभे होते. जन्मात कोणापुढे न वाकलेले बबनराव त्यांच्या शेजारी वाकून उभे होते. "चूक आमची हाय साहेब, पोराची नाही. आमीच धरून ठेवलं त्याले. सजा देची तं आमाले द्या," बाबा म्हणत होते. हरिसिंगही आला होता. लड़का मेरे कहने पर आगे गया था, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

दादा तंबूच्या दाराशी थांबला. त्यानं तोंड उघडलं. मग बाबांचे जोडलेले हात बघितले आणि मिटलं.

पंच आपसात बोलले. शर्यतीबाहेरच्या माणसांनी रस्त्यात अडवलं तर सूट देता येते, असा नियम निघाला. सगळ्यांनाच भरून आलं होतं. एका पंचानं तर बाबांचा हात हातात घेतला.

बाबा बाहेर आले. "घेतलं रे त्यायनं तुले परत!"

दादानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग तो बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठमोठ्यानं रडायला लागला आणि आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा त्याची पाठ थोपटत होते.

"झालं नं आता. काहून रडतं?" ते म्हणाले. "इंद्रभानशी बोललो मी. उद्यापासून जीप घेऊन तुह्या मांगंच राहीन. पार शेवटापर्यंत."