रुळांवर आलेला हुकूम

मी एक लहानशी काळी डबी बोलतेय. दीपमालाताईंच्या शेअरिंग ई-रिक्षात, हँडलखाली, चार स्क्रूंनी मला घट्ट बसवलंय. माझ्या पोटात सिमकार्ड आहे. दूर कुठल्यातरी कार्यालयातून त्यावर हुकूम येतो आणि मी तो पाळते. नाही म्हणायला मला कुणी शिकवलेलंच नाही.

शहरातल्या गर्दीच्या रस्त्यांवर रिक्षा न्यायची तर आता आधी वेळ घ्यावी लागते, तिचं शुल्क आपोआप कापलं जातं. वेळ टळली, की त्या गर्दीच्या भागाच्या हद्दीवर मी मोटार बंद करते. मला बसवताना कंपनीचा प्रणय ताईंना म्हणाला होता, यानं रस्ते मोकळे राहतील. मलाही ते पटलं होतं.

त्या सकाळी ताईंची वेळ दहापर्यंतची होती. पण रेल्वे फाटक लागलं. मालगाडी रेंगाळत गेली. फाटक उघडलं तेव्हा दहा वाजून चार मिनिटं झाली होती. आणि नकाशावर हद्दीची रेघ कुणीतरी नेमकी रुळांवरूनच ओढली होती.

रिक्षा रुळांवर चढली आणि हुकूम आला. मी घाबरले. तरी मोटार बंद केली.

ताईंनी दोनदा चावी फिरवली. मागे चार बायका होत्या, तिघी पटकन उतरल्या. फुलंब्रीहून डोळे दाखवायला आलेल्या सारजाबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना उतरता येईना. गेटमन बद्रीनाथ लाल झेंडी घेऊन धावत आला. दुसरी गाडी यायची वेळ झाली होती.

"पोरी, तू सरक बाजूला," सारजाबाई म्हणाल्या. "माझ्यापायी जीव नको देऊ."

"नाय सरकत. तुम्ही दांडी धरून बसा, आत्या."

लांबून शिट्टी ऐकू आली. पुढचं चाक रुळाच्या खाचेत अडकलं होतं. बायकांनी आणि बद्रीनाथनं ते उचलून काढलं, रिक्षा ढकलत पलीकडं नेली. गाडी लांबच सिग्नलला थांबली होती, हे नंतर कळलं. ढकलताना कुणालाच ठाऊक नव्हतं.

ताई रस्त्याकडेला बसल्या. त्यांनी कार्यालयात फोन लावला, तर तिकडून सांगण्यात आलं की यंत्रणेनं बरोबर काम केलं.

ती यंत्रणा म्हणजे मी.

आता ताई रोज फाटकाच्या अलीकडं सगळ्यांना उतरवतात, चालत पलीकडं जायला सांगतात आणि रिकामी रिक्षा एकट्या नेतात. रुळांवरच्या तेवढ्या दहा-बारा हात अंतरात माझा जीव गोळा होतो. हुकूम देणाऱ्यांनो, आधी एकदा विचारा ना, रिक्षा आत्ता नेमकी कुठं आहे? मला ते दर क्षणी ठाऊक असतं.

मला कुणी विचारतच नाही.