उशिरा येणारी करंगळी

लगेच हात पुढे करू नका, मित्रांनो. आधी माझे थोडे ऐकून घ्या. मला उचलायचे की नाही ते मग ठरवा.

मी एक जुना ग्रिपर आहे. दोन लोखंडी मुठी आणि त्यांना वरच्या टोकाला जोडणारी एक जाड स्प्रिंग, एवढाच माझा देह. मला पंजात धरायचे, दोन्ही मुठी एकमेकींना टेकेपर्यंत दाबायचे आणि सोडायचे. त्याने पंजा आणि मनगट बळकट होते, असे म्हणतात. होतेही. पण ज्या दोन हातांत माझे आयुष्य गेले, त्यांची हकीगत कळली की माझ्याकडे बघताना तुम्ही जरा थबकाल. तुम्ही थबकावे, अशीच माझी इच्छा आहे.

माझा जन्म स्प्रिंगा वळणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. तो दारांच्या, गाड्यांच्या, यंत्रांच्या स्प्रिंगा करीत असे. एके दिवशी टायर दुरुस्त करणारा एक तरुण त्याच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, बाजारातले ग्रिपर मला खेळण्यासारखे वाटतात. असा करून द्या की मलासुद्धा घाम फुटला पाहिजे."

कारागिराने जाड तार निवडली, लालबुंद तापवली, वळवली आणि तेलात बुडवली. माझ्या मुठींवर त्याने जाळीदार खाचा पाडल्या, म्हणजे ओला हात घसरू नये. मी त्या तरुणाच्या पंजात गेलो तेव्हा माझी अक्षरशः बोबडी वळली. असा पंजा मी पुन्हा पाहिला नाही. वस्तीत सगळे त्याला 'पकड' म्हणत. चाकाचा नट गंजून बसला आणि पाना घसरायला लागला की लोक म्हणत, "पान्याचं काम नाही ते, पकडला बोलवा." घरात मात्र तो दादा होता. त्याच्या टायरच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत त्याची आई कपडे शिवायची आणि एक लहान बहीण दिवसभर त्याच्या मागे मागे फिरायची. ती इतकी लहानखुरी होती की तिचे नाव चिमटी पडले.

दादा पंजाच्या ताकदीच्या स्पर्धांना जाऊ लागला. कप जिंकून आणू लागला. कपांशेजारी फळीवर मलाही जागा मिळाली. येणारे-जाणारे मला उचलून बघत, तोंड वाकडे करीत आणि परत ठेवून देत. "बाप रे, हा दाबतो तरी कसा!" असे कोणी म्हटले की माझी स्प्रिंग आतून फुलून येई. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. ते फार टिकले नाहीत.

बाकीचे मला बाहेरून दिसते, पण पंजा मला आतून कळतो. दादाची चारही बोटे माझ्यावर एकदम पडत, दार धाडकन लागावे तशी. एका सकाळी मात्र तीन बोटे आली आणि करंगळी मागाहून आली. अगदी थोडी मागाहून. दुसऱ्या कोणाच्या ध्यानातही आले नसते. पुढे अनामिकाही रेंगाळू लागली. त्या दोन बोटांचा स्पर्श गार लागे. दादा हात झटकी, तेल चोळी आणि पुन्हा मला दाबी. मी लोखंडाचा. मला ओरडता येत नाही.

मग एक दिवस सराव करताना त्याच्या तळहातात काहीतरी तटकन तुटले. आवाज बारीक होता, सुतळी तुटावी तसा. मी खाली पडलो. दादा भिंतीला टेकून कितीतरी वेळ आपल्या हाताकडे बघत राहिला.

स्नायूला बोटाशी बांधणारा जो दोर असतो, त्याला कंडरा म्हणतात. दादाच्या दोन बोटांच्या कंडरा तुटल्या होत्या. तो डॉक्टरकडे उशिरा गेला आणि ती दोन बोटे कायमची अर्धवट राहिली. हे फक्त आईला माहीत होते. बाकी सगळ्यांना त्याने सांगितले, "दुकान वाढलंय. खेळ सोडला." चिमटीलाही त्याने हेच सांगितले. ती तेव्हा शाळेत जाणारी पोर होती. तिने ते खरे मानले. दादाने पाना डाव्या हातात घेतला, मला जुन्या नट-बोल्टच्या डब्यात टाकले आणि झाकण लावले.

डब्यात मी किती वर्षे काढली ते मला सांगता येणार नाही. गंज चढला. बाहेरून टायर आपटल्याचे, हवा सुटल्याचे, दादाच्या चिडक्या बोलण्याचे आवाज येत. पूर्वी तो असा चिडत नसे.

झाकण उघडले ते चिमटीने. आता ती मोठी झाली होती, दुकानात दादाच्या बरोबरीने काम करीत होती. लहानखुरी होती ती होतीच, पण ट्रकचे चाक एकटी उभे करी. तिने मला बाहेर काढले, रॉकेलने पुसले आणि सहज दाबले. माझ्या दोन्ही मुठी टेकल्या! टक्क असा आवाज झाला.

दादाने तो आवाज ओळखला. तो हातातले काम टाकून आला. "पुन्हा दाब," तो म्हणाला.

तिने पुन्हा दाबले.

दादाचे डोळे चमकले. मित्रांनो, खरे सांगतो, ती चमक मला आवडली नाही.

त्यांच्या गावात बायकांसाठी पंजा आणि मनगटाच्या ताकदीची स्पर्धा व्हायची होती. दादाने चिमटीची तयारी सुरू केली. वाळूने भरलेल्या बादलीत बोटे खुपसायची आणि आतल्या आत पंजा उघडायचा. ओले घोंगडे पिळायचे. लोखंडी तबकड्या नुसत्या बोटांच्या टोकांनी धरून दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. छताच्या पाइपला लोंबकळायचे. शेवटी जाड मुठीचे वजन एका हाताने जमिनीवरून उचलायचे. मुठीचा घेर एवढा की तिची बोटे अंगठ्यापर्यंत पोहोचत नसत. ती वजनाला हात घाली आणि दादा मागून ओरडे, "ओढ! ओढ, चिमटे, ओढ!"

आणि या सगळ्यांच्या मध्ये मध्ये मी.

सुरुवातीला मजा होती. चिमटी हसतहसत मला दाबी आणि म्हणे, "दादा, तुझा हा म्हातारा अजून कुरकुरतोय बघ." दादाही हसे. कितीतरी दिवसांनी त्या दुकानात हसणे ऐकू येत होते. आई वरून हाक मारी, "अगं, जेवायला या, हाताबरोबर पोटाचाही सराव करा!"

मग ती सकाळ आली. चिमटीने मला उचलले. तीन बोटे आली. करंगळी मागाहून आली.

मी ती ओळखली. माझी स्प्रिंग थंड पडली.

पुढचे सगळे मला आधीच ठाऊक होते आणि एकेक तसेच घडत गेले. अनामिका रेंगाळली. तिच्या हातून पाना निसटला. चहाचा कप फुटला. ती म्हणाली, "साबणाचा हात होता." पाण्याच्या टाकीत ट्यूब बुडवून पंक्चर शोधताना ती हात जास्त वेळ पाण्यातच ठेवू लागली, कारण गार पाण्यात बरे वाटे. एकदा ती चाक फळीवर चढवत होती. तिच्या बोटांतून ते सुटले आणि खाली बसलेल्या गिऱ्हाइकाच्या पायाशी येऊन आदळले. गिऱ्हाईक पांढरेफटक पडले.

"लक्ष कुठंय तुझं?" दादा ओरडला. पण ओरडताना तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. तो तिच्या करंगळीकडे बघत होता.

त्यालाही कळले होते.

त्या संध्याकाळी मी शिलाई मशीनवर पडलो होतो. आईने चिमटीला सांगितले, "एवढी सुई ओवून दे गं, मला दिसत नाही." चिमटीने सुई धरली. ती पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली.

आईने मशीन थांबवले. "हात दाखव."

"काही नाही गं आई. टायर उचलून दुखतोय."

ती खाली गेल्यावर आई दादाला म्हणाली, "तुझा हात असाच सुरू झाला होता. दिसतंय ना तुला?"

दादाने उजवा हात खिशात घातला.

"दिसतंय की नाही?"

"आई, स्पर्धा तोंडावर आलीय. एकदा होऊन जाऊ दे, मग विश्रांतीच विश्रांती."

"तुझ्या हाताचं खरं काय ते तिला सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"मीच सांगतो. उद्या सांगतो."

आईने विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी दादा मला हातात घेऊन चिमटीसमोर उभा राहिला. मला वाटले, आता सांगेल. त्याचे ओठ हलले. तेवढ्यात चिमटीच म्हणाली, "दादा, मी जिंकले ना, तर कप तुझ्या कपांशेजारी ठेवायचा." तो म्हणाला, "ठेवू की." आणि मला तिच्या हातात दिले.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह गच्च भरले होते. लाकडी मंचावर रबराची चटई अंथरली होती आणि तिच्यावर वजने मांडली होती. चिमटीसमोर शेवटपर्यंत एकच बाई टिकली. ती लिफ्ट दुरुस्त करणारी, उंच आणि शांत. शेवटच्या फेरीत तिने जाड मुठीचे वजन उचलले, पंचाने हात वर केला, तिने ते हळूच खाली ठेवले. त्याहून जड वजन उचलता आले तरच चिमटी जिंकणार होती.

मी तेव्हा दादाच्या उजव्या मुठीत होतो. त्याची दोन बोटे मला आवळत होती आणि दोन नुसती टेकली होती.

चिमटीने हाताला खडूची पूड चोळली. ती वाकली. तिने मुठीवर बोटे टाकली. दादाला मंचाखालून तिची करंगळी दिसली. ती मुठीवर नव्हतीच. ती हवेत राहिली होती.

सगळे सभागृह ओरडत होते, "ओढ! ओढ! ओढ!"

दादा ओरडला, "सोड!"

त्याने मला इतके आवळले की माझ्या खाचा त्याच्या हातात रुतल्या. "सोड! चिमटे, सोड ते!"

पण त्या गलक्यात 'सोड' काय आणि 'ओढ' काय, कानावर सारखेच पडत होते. वजन जमिनीवरून सुटले. गुडघ्यापर्यंत आले. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. पंचाचा हात वर गेला आणि त्याच क्षणी तिचे तोंड उघडले. आवाज आला नाही. वजन धाडकन चटईवर पडले.

ती जिंकली होती. लोक उठून टाळ्या वाजवत होते. कप घेताना तिने डावा हात पुढे केला. लोकांना वाटले, थकली असेल. तिचा उजवा हात अंगाशी लोंबत होता, ओल्या सदऱ्याच्या बाहीसारखा. सगळ्या सभागृहात टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता, आणि मी त्याच्या मुठीत होतो.

या वेळी डॉक्टरकडे जायला उशीर झाला नाही. शस्त्रक्रिया झाली. हाताला पट्ट्या आल्या, पट्ट्या निघाल्या. बोटे थोडी वळू लागली. पूर्वीसारखी वळणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगून टाकले. आई दादाशी जेवणापुरते बोलायची, तेवढेच.

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हते. चिमटी मऊ चेंडू दाबत बसली होती. दादा तिच्यासमोर येऊन बसला. त्याने आपला उजवा हात पालथा, मग उताणा करून तिच्या मांडीवर ठेवला आणि सगळे सांगितले. तटकन झालेला आवाज सांगितला, अर्धवट राहिलेली बोटे दाखवली, लोकांना सांगितलेले खोटे सांगितले. शेवटी म्हणाला, "मी त्या दिवशी 'सोड' म्हणत होतो गं. तुला 'ओढ' ऐकू आलं असेल."

चिमटीने चेंडू बाजूला ठेवला.

"मला 'सोड'च ऐकू आलं होतं, दादा. तुझा आवाज मला ओळखू येत नाही होय?"

"मग?"

"तू दुकानासाठी खेळ सोडलास, असं मी लहानपणापासून ऐकत आले. त्यानंतर कित्येक वर्षं तू हसला नाहीस. मला वाटलं, सोडलं म्हणून माणूस असा होतो. मला तसं व्हायचं नव्हतं."

चिमटीने त्याची ती दोन अर्धवट बोटे आपल्या दोन अर्धवट बोटांत धरली. तिच्या हाताला जोर नव्हता, त्याच्याही नव्हता. तरी दोघांनीही हात सोडला नाही.

आता मी दुकानाच्या खिडकीत असतो. हवा भरायला थांबलेली मुले मला बघून हात पुढे करतात. दादा त्यांना अडवत नाही. तो आधी आपला उजवा हात त्यांच्यासमोर उघडतो आणि विचारतो, "करंगळी दुखते का कधी?" जो गप्प राहतो, त्याला तो हात दाखवायला चिमटीकडे पाठवतो.

मित्रांनो, ताकद जरूर कमवा. मला तेल लावा, पुसा, कोरड्या जागी ठेवा, मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. पण हाताला गंज चढत नाही, तो गुपचूप झिजतो. दुखले तर त्याच दिवशी घरी सांगा. आणि कोणी दुखणे लपवताना दिसले, तर उद्या सांगतो म्हणू नका. मला दाबले की माझी स्प्रिंग मला आपोआप उघडते. तुमची मूठ मात्र तुम्हालाच उघडावी लागते.