आक्काच्या गाडीचा कान

स्वातंत्र्य कुणी कुणाला देत नसतं, ते हिसकावून घ्यावं लागतं, आणि ते घेताना रक्त सांडतं, हे जगाच्या इतिहासाने वारंवार सिद्ध केलं आहे. आमच्या आक्काच्या वेळी इंजिन ऑइल सांडलं. तेही माझ्या पँटवर.

आक्का माझी थोरली बहीण. जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे अर्धं गाव तिला ‘बाई’ म्हणतं आणि उरलेलं अर्धं तिला बघून फुटपाथ बदलतं. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, जाताना मागे दोन गोष्टी ठेवून गेले. एक चिरंजीव आणि एक घरगाडी. दोन्हींचं मॉडेल साधारण एकाच सालचं. त्यातली गाडी अजून आक्काचं ऐकते.

घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हर, मागे पलंग, शेगडी, कपाटं आणि माणूस आत गेला की दार मिटत नाही अशी एक मोरी. डावं वळण आलं की उजवीकडचं कपाट उघडतं, उजवं वळण आलं की डावीकडचं. गाडीत नवा माणूस बसला की आधी डोकं सांभाळायला शिकतो. इंजिन पुढच्या दोन सीटच्या मधे, एका उंच झाकणाखाली. दाजी त्या झाकणावर चहाचा कप ठेवायचे. इंजिन चहा गरम ठेवायचं आणि चहा इंजिनात जायचा, असा दोघांचा जुना घरोबा.

दाजींना जाऊन वर्ष होत आलं तेव्हा आक्काने जाहीर केलं की ती फ्लॅट सोडणार आणि गाडीत राहणार. जिथे बरं वाटेल तिथे थांबायचं, कंटाळा आला की किल्ली फिरवायची. चिरंजीव विमा कंपनीत आहेत. कुठे काय बिघडू शकतं हे ओळखण्याचा त्यांना पगार मिळतो. दुसऱ्याचा अपघात त्यांना आठवडाभर आधी दिसतो. त्यांनी आपल्या घरात आईसाठी खोली तयार केली होती. नवे पडदे, मोरीत धरायला दांडी, पलंगाशी हाक मारायची घंटी. खोली चांगली होती, मी स्वतः बघितली. आक्काने दारातूनच बघितली आणि विचारलं, भेटीची वेळ काय ठेवलीय?

मुलगा वाईट नाही हो. आईवर जीव आहे त्याचा. फक्त तो जीव इतका घट्ट, की आईला श्वास घेता येईना.

मग त्याने गाडीच्या इंजिनावर हल्ला केला. चढ आला की ते इंजिन आतून टकटक करायचं, डब्यात गोट्या हलवल्यासारखं. गॅरेजवाले याला नॉकिंग म्हणतात. पेट्रोल आपली पाळी यायच्या आत पेट घेतं आणि पिस्टनला नको तेव्हा धक्का बसतो. हा दोष आमच्या घराण्यात माणसांतही आहे, पण माणसं त्याने लगेच फुटत नाहीत. इंजिन फुटतं. आक्का म्हणाली, मला ऐकू येतं, आलं की मी पाय उचलते. त्यावर चिरंजिवांनी फार सौम्य आवाजात सांगितलं की आई, या वयात ऐकू येत नाही आणि आपल्याला ऐकू येत नाही हेही कळत नाही.

चाळीस पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकावरची कुजबुज पाठमोरी ऐकणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे काय, ते त्याला कळायला हवं होतं. तो स्वतः त्या वर्गात होता.

वाद दोन रविवार चालला. शेवटी तोडगा चिरंजिवांनीच काढला. नॉक सेन्सर बसवायचा. मधे भोक असलेलं जाडजूड बटण असावं तसली ही वस्तू. इंजिनाच्या अंगाला कान लावून बसते, आणि आत टकटक झाली की समोर लाल दिवा लावते. जुन्या गाड्यांना हा कान नसायचा. आता बाजारात तो तारेसकट आणि दिव्यासकट मिळतो. यंत्राला वय नसतं आणि नातंही नसतं, असं चिरंजीव म्हणाले. पाण्याच्या टाकीची चढण चढायची. दिवा लागला तर गाडी भंगारात आणि आई खोलीत. नाही लागला तर ते पुन्हा एक अक्षर बोलणार नाहीत. आक्का हो म्हणाली. मी साक्षीदार. मला कुणी विचारलं नव्हतं.

सेन्सर बसवायचं काम मिस्त्रीकडे गेलं. मिस्त्रीही आक्काचाच विद्यार्थी. हात सोन्याचा, पण एक खोड. कुठलाही बोल्ट बसवताना खाली वायसरची चकती घातल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. लोखंडी, रबरी, फायबरचा, जो हाताला लागेल तो. त्याने दुरुस्त केलेला पंखासुद्धा जुन्यापेक्षा दोन बोटं खाली लोंबतो. सगळं गाव त्याला वायसरॉय म्हणतं आणि त्याला ते कौतुक वाटतं.

त्याने सेन्सर तारेला जोडला, हातात धरून त्यावर पान्याने टिचकी मारली. लाल दिवा लागला. पुन्हा मारली, पुन्हा लागला. आम्ही सगळे खूष. मग मला बॅटरी धरायला लावून तो इंजिनात शिरला, सिलिंडरच्या बाजूला जागा शोधून सेन्सर बोल्टने आवळला, येता येता ऑइलचा डबा माझ्या मांडीवर लवंडला आणि हात पुसत म्हणाला, बाई, आता इंजिनाने मनात जरी आणलं तरी कळेल.

चढणीच्या दिवशी चिरंजीव इस्त्रीचा शर्ट घालून आले. ते आईशेजारी पुढे बसले, मी मागे पलंगावर, कपाटांच्या टप्प्यात. रस्ता गावाबाहेरून टेकडीवर जातो आणि टाकीपाशी संपतो. सुरुवात हळू आहे. आक्काने तिसरा गिअर सोडला नाही. मी म्हटलं, आक्का, गिअर उतरव. म्हणाली, परीक्षा आहे ना, मग अवघडच प्रश्न येऊ दे.

पहिलं वळण गेलं आणि इंजिन टकटकायला लागलं. हळू नाही, चांगलं दणदणीत. भांड्यांच्या कपाटात आवाज होत होता त्याच्याही वर ते ऐकू येत होतं. मी दिव्याकडे बघितलं. दिवा काळाठिक्कर. चिरंजिवांनी दिव्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, परत दिव्याकडे बघितलं. एखाद्या पुजाऱ्याने देवाकडे बघावं तसे ते त्या दिव्याकडे बघत होते.

खरं म्हणजे आक्काने गप्प बसायचं. पैज जिंकली होती. तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि चिरंजिवांकडे वळली.

“ऐकू आलं?”

“दिवा लागला नाही, आई.”

“दिव्याला नाही विचारलं. तुला ऐकू आलं का?”

“सेन्सर म्हणतोय नॉकिंग नाही. म्हणजे नाही.”

“तुझ्या कानांवर तुझा विश्वास नाही, आणि माझ्या कानांचा निकाल लावायला निघालास.”

चिरंजीव म्हणाले की तू जिंकलीस, मी शब्द पाळतो, चल. आवाज पडलेला होता, पण शब्द पाळणारा मुलगा आहे. मीही म्हटलं, जाऊ दे आक्का, चल. आमच्यासारख्या लोकांमुळेच जगात शांतता आहे.

“एका बहिऱ्या साक्षीदाराच्या जिवावर मला सुटायचं नाही,” आक्का म्हणाली. “झाकण उघड.”

झाकण उघडलं. इंजिन निवेपर्यंत आक्काने थर्मासमधली कॉफी प्यायली आणि आम्हाला दिली नाही. मग बाह्या सारून तिने बोल्ट काढला. सेन्सर हातात आला आणि त्याच्यामागून हळूच, जणू आपलं काही चुकलंच नाही अशा थाटात, एक रबरी वायसर घरंगळत बाहेर आला. कानात बोळा घालून आपण त्या कानाला पहाऱ्यावर बसवलं होतं.

आक्काने मिस्त्रीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. त्या वस्तूखाली वायसर का घातलास, असं तिने विचारलं.  मिस्त्री म्हणाला, “बाई, तुम्हीच नाही का शिकवलं? काही करायचं तर खाली काहीतरी घेऊन करावं.”

“अरे, ते लिहिताना! कागदाखाली पुठ्ठा घ्यावा, अक्षर चांगलं येतं, असं म्हणाले होते मी.”

“अक्षर नाहीच आलं बाई,” मिस्त्री म्हणाला, “पण सवय राहिली.”

एवढ्या वर्षांत एका तरी विद्यार्थ्याने आपलं ऐकलं, याचा आनंद आक्काच्या चेहऱ्यावर आला आणि तिने तो मोठ्या कष्टाने दाबला. मग मिस्त्रीने पुढचं सांगितलं. सेन्सर नुसत्या लोखंडावर बसायला हवा, मधे रंगसुद्धा नको. रंग खरवडायला गाडीत काही सापडेना. सगळे चमचे गुळगुळीत. आक्काने चिरंजिवांपुढे हात केला.

“खिशात काय आहे?”

चिरंजिवांच्या खिशात नव्या खोलीची किल्ली होती. संध्याकाळी पैज जिंकल्यावर आईला द्यायची म्हणून आणलेली, अगदी कोरी, दातेरी. त्यांनी ती काढली. आक्काने इंजिनावरचा रंग त्या किल्लीने असा खरवडला, की दाते बोथट होईपर्यंत थांबली नाही. किल्ली परत करताना आभारही मानले. चिरंजिवांनी ती इस्त्रीच्या शर्टाला पुसली आणि मग शर्टाकडे बघितलं.

सेन्सर लोखंडाला लोखंड लावून आवळला. आक्काने शेजारी पान्याने ठोकलं. लाल दिवा लख्ख लागला. आता कान जागा झाला होता, म्हणजे आता हरायची पूर्ण सोय झाली होती. फोनवरून मिस्त्री म्हणाला की बाई, ठिणगी लवकर पडतेय, म्हणून टकटक आहे. ठिणगी वाटतो तो डिस्ट्रिब्युटर ढिला करून केसभर मागे फिरवा. आक्काने विचारलं, केसभर म्हणजे कुणाच्या केसाएवढं? मिस्त्री म्हणाला, मामांच्या, म्हणजे माझ्या. बारीक आहे आणि आता उरलाही एखादाच. हसताना चिरंजिवांना मी त्या महिन्यात पहिल्यांदा बघितलं. आक्काने केसभर फिरवलं, आवळलं, झाकण लावलं.

उरलेली चढण खालच्यापेक्षा वाईट होती. आक्काने या वेळी दुसरा गिअर टाकला. गाडी म्हाताऱ्या बैलासारखी मान खाली घालून निघाली. एक वळण गेलं, दिवा काळा. दुसरं गेलं, दिवा काळा. पलंगावर बसून मी दोन्ही बाजूंची कपाटं हातांनी दाबून धरली होती, म्हणजे त्या क्षणी तरी कुणाच्या डोक्यात काही पडायला नको. शेवटच्या वळणावर, टाकी दिसायला लागली तेव्हा, आत एकदा टक झालं आणि लाल दिवा लुकलुकला.

सगळ्यांनी बघितला.

आक्काने पाय उचलला. पहिला गिअर टाकला. दिवा विझला. गाडी रांगत रांगत वर आली आणि टाकीच्या भिंतीसमोर थांबली.  खाली गाव पसरलं होतं, घरांच्या छपरांवर ऊन पडलं होतं आणि त्यांतल्याच एका छपराखाली ती नवे पडदे लावलेली खोली होती.

“लागला, आई,” चिरंजीव हळूच म्हणाले. त्यांना ते म्हणायला आवडलं नाही, हे मला दिसत होतं.

“लागला. मी बघितला,” आक्का म्हणाली. “आणि लागला म्हणून मी काय केलं?”

“पाय उचललास.”

“मग? त्यासाठीच असतो ना तो? दिवा पाय उचलायला असतो रे, गाडी भंगारात घालायला नसतो. तू लहानपणी पडायचास तेव्हा मी तुझे पाय नाही कापून ठेवले.”

“पण ठरलं होतं.”

“ठरलं होतं. मी मोडलं. काय करणार आहेस? वर्गाबाहेर उभी करणार आहेस मला?” आक्काने गाडीची किल्ली काढली आणि मुठीत धरली. “मला ऐकू येतं. आता गाडीलाही ऐकू येतं. राहिलास तू. रोज फोन कर, चौकशी कर, काळजी कर, तुझा धंदाच आहे तो. पण माझ्या इंजिनाचं मी बघेन. फुटलं तर रस्त्यात फुटेल, रस्त्यात मला चार माणसं ओळखतात. तुझ्या त्या घंटीच्या खोलीत मी आत्ताच फुटेन. किल्ली देणार नाही. तुला नाही, तुझ्या विम्याला नाही, कुणाच्या बापाला नाही.”

 चिरंजिवांनी खिशातली बोथट किल्ली काढली, खिडकीतून बाहेर टाकली आणि मग दार उघडून पुन्हा उचलून आणली, कारण कचरा करणं त्यांच्या स्वभावात नाही. “फोन उचलत जा मात्र,” एवढंच म्हणाले.

“उचलेन. गाडी चालवत नसेन तेव्हा.”

मला उगाचच भरून आलं. मी कपाटांवरचे हात काढले, तेवढ्यात डावीकडचं उघडलं आणि एक पातेलं माझ्या खांद्यावर पडलं, पण अशा क्षणी माणूस ओरडत नाही. वारा खिडकीतून आत येत होता. आक्का ताठ बसली होती, मुठीत किल्ली, नजर समोर. हिसकावून घेतलेल्या स्वातंत्र्याचा पुतळा करायचा तर तो तसाच करावा लागेल. समोर टाकीची भिंत, डावीकडे कठडा, उजवीकडे कठडा, मागे आलो तो अरुंद रस्ता.

आक्काने आरशात बघितलं. मग मागे मान वळवून बघितलं. मग पुन्हा आरशात. बराच वेळ तिने काहीतरी मनाशी जुळवलं, आणि किल्लीची मूठ चिरंजिवांपुढे उघडली.

“एवढी गाडी वळवून दे रे. रिव्हर्स तुझे बाबाच टाकायचे.”